मिशनवर परदेशात असताना मूल दत्तक घेणं : काय करायचं, कुठे अडतं

वर्षातून दोन-तीनदा तरी असा फोन येतो. फील्डवरचं, म्हणजे मिशनच्या कामाच्या ठिकाणचं, कुणीतरी असतं, आवाज जरा दबका, आणि म्हणतं की एक बाळ आहे, आम्हाला ते आपलं म्हणून घ्यायचंय, काय काय करावं लागतं ते सांगा. मी बाळाबद्दल काहीच विचारत नाही. माझा पहिला प्रश्न एकच, तुम्ही कायद्याच्या नजरेत राहता कुठे? मग फोनवर शांतता. कारण मिशनरी माणसाला हे खरंच सांगता येत नाही, पासपोर्ट एका देशाचा, व्हिसा दुसऱ्याचा, मिशनवर पाठवणाऱ्या बोर्डाचं ऑफिस तिसरीकडे आणि सामानाच्या पेट्या सासूबाईंच्या घरी.

आम्ही स्वतः मिशनवर असताना मुलगी दत्तक घेतली. तेव्हा जिथे जिथे ठेचा लागल्या ते सांगतेय, वकील तुम्हाला लागणारच आहे, पण त्याच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी माहीत असेल.

राहता कुठे, हे आधी

हेगचा दत्तक करार, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक जाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, २९ मे १९९३ ला झाला, १ मे १९९५ पासून लागू झाला, आणि आज शंभराहून जास्त देश त्यात आहेत. हा करार पासपोर्टच्या रंगाकडे बघत नाही, माणसाचं नेहमीचं वास्तव्य कुठे आहे ते बघतो. मूल करारातल्या एका देशात राहतंय, आईवडील दुसऱ्या देशात, आणि मुलाला तिकडे न्यायचंय, तर सगळं दोन्ही देशांच्या मध्यवर्ती प्राधिकरणांमार्फत (दत्तकाचं काम बघायला सरकारने नेमलेलं कार्यालय) करावं लागतं. पण तुम्ही मुलाच्याच देशात गेली सहा वर्षं राहताय आणि अजून दहा राहणार आहात, तर? तर तो देश तुम्हाला इथलेच रहिवासी समजून त्याच्या स्वतःच्या कायद्याने दत्तक देऊ शकतो, किंवा परदेशी तो परदेशी म्हणून आंतरदेशीय, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्या दत्तकाच्या, रांगेत उभं करू शकतो. कुठला देश काय करतो ते त्याच्या प्राधिकरणाकडून लेखी घ्या. तोंडी नको. तोंडी उत्तर देणाऱ्या साहेबांची बदली होते आणि आपण तिथेच.

उदाहरणं बघा म्हणजे अंदाज येईल. इंडोनेशियात परदेशी दांपत्याला कायदेशीररीत्या दोन वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं, आणि वर अशी अट की दत्तक घेणाऱ्यांचा धर्म मुलाचाच हवा, मुलाचा धर्म माहीत नसेल तर त्या भागात जास्त लोकांचा जो धर्म तो त्याचा धरतात. म्हणजे मिशनरी कुटुंबासाठी बऱ्याच ठिकाणी तिथेच विषय संपतो, आणि त्यावर चिडून उपयोग नाही. युगांडात २०१६ च्या दुरुस्तीनंतर परदेशी माणसाने वर्षभर तिथे राहिलेलं असलं पाहिजे आणि ते मूल सरकारी देखरेखीखाली वर्षभर सांभाळलेलं असलं पाहिजे. त्याआधी ही मुदत तीन वर्षांची होती, आणि ती टाळायला लोक नुसतं पालकत्व घेऊन मूल देशाबाहेर नेत होते, तर २०१६ मध्ये परदेशी लोकांसाठी तो मार्गच बंद केला. भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकाला बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, बरोबर त्याच्या देशाच्या दूतावासाचं ना हरकत पत्र लागतं. आणि ज्या देशांत इस्लामी कायदा चालतो तिथे बहुतेक ठिकाणी पूर्ण दत्तक असा प्रकारच नाही, कफाला असतो, म्हणजे मूल सांभाळायची कायदेशीर जबाबदारी मिळते पण नाव आणि वारसा जन्मदात्यांचाच राहतो. कफाला म्हणजे दत्तकच की, फक्त शब्द वेगळा, असं कुणी सांगितलं तर मान हलवू नका.

हे झालं मुलाच्या देशाचं. आता तुमच्या पासपोर्टचा देश काय म्हणतो, आणि लोक इथेच सपशेल आपटतात. कोर्टाचा निकाल आणि मुलाचा व्हिसा ही दोन वेगळी दारं आहेत, दोघांच्या चाव्या वेगळ्या माणसांकडे आहेत. इथल्या कोर्टाने चार महिन्यांत दत्तकाचा हुकूम दिला, केक कापला, फोटो काढले, आणि वर्षभराने सुट्टीवर मायदेशी निघताना दूतावास म्हणतो की आमच्या दृष्टीने या मुलाचं दत्तक व्हिसाला चालत नाही. मग एक पालक मुलाला घेऊन फील्डवर आणि दुसरा आजारी वडिलांकडे, अशी कुटुंबं मी पाहिलीयेत.

अमेरिकन पासपोर्टवाल्यांना एक वेगळी सोय आहे, जी खास परदेशात राहणाऱ्यांच्याच कामाची. मूल साधारण सोळाच्या आत दत्तक झालेलं असेल आणि तुम्ही त्याच्याबरोबर अमेरिकेबाहेर दोन वर्षं राहिलात, मूल कायदेशीर ताब्यात आणि प्रत्यक्ष घरात असताना, तर आय-१३० अर्जाचा (नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं आणायचा अर्ज) रस्ता उघडा असतो. हेग देशातल्या मुलाला हा रस्ता एरवी जवळपास बंदच. त्यांच्या नागरिकत्वाचंही तसंच आहे, २७ फेब्रुवारी २००१ ला लागू झालेल्या बाल नागरिकत्व कायद्याने मूल ग्रीन कार्डवर अमेरिकेत राहायला गेलं की आपोआप नागरिक होतं, पण तुम्ही परत फील्डवर येणार असाल तर ते लागू पडत नाही, मग अठराच्या आत एन-६००के नावाचा वेगळा अर्ज करून मुलाला तेवढ्यापुरतं तिकडे न्यावं लागतं. ब्रिटिश लोकांची अडचण उलटी, हेग पद्धतीने दत्तक घेतलेलं मूल आपोआप ब्रिटिश तेव्हाच होतं जेव्हा हुकुमाच्या दिवशी आईवडिलांचं नेहमीचं वास्तव्य ब्रिटनमध्ये असतं, आणि मिशनरी नेमका तिथे नसतो, म्हणून नोंदणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी परदेशात परदेशी मूल दत्तक घेतलं तरी मुलाचा पासपोर्ट त्याच्या देशाचाच राहतो, त्यावर भारतात यायला व्हिसा लागतो, २०२२ च्या दत्तक नियमावलीत तसं लिहिलेलंच आहे.

तेव्हा एक कागद घ्या, मध्ये उभी रेघ मारा, डावीकडे मुलाचा देश, उजवीकडे पासपोर्टचा देश. नवरा-बायकोचे पासपोर्ट वेगळे असतील तर तिसरा रकाना. प्रत्येक रकान्यात चारच प्रश्न : आम्ही पात्र आहोत का, अर्ज कुणाकडे, मुलाला नागरिकत्व कसं मिळणार, आणि सुट्टीवर जाताना मूल सीमेपार कसं जाणार. चारही उत्तरं येईपर्यंत कुठलंही मूल बघायला जाऊ नका. हे मी हात जोडून सांगतेय. एकदा मांडीवर बसलं की मग डोकं चालत नाही.

अजून एक, दरवाजे बंद होतात, आणि सांगून होत नाहीत. रशियाने १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकनांसाठी बंद केलं, इथिओपियाने जानेवारी २०१८ मध्ये सगळ्याच परदेशी लोकांसाठी, चीनने २०२४ मध्ये जवळपास सगळं थांबवलं, ज्यांना मुलाचा फोटोही मिळालेला होता अशी शेकडो कुटुंबं लटकली.

दारात बाळ आलं तर

पुस्तकी माहितीत हे सापडत नाही, पण मिशनरी घरात असं घडतंच. पहाटे कुणीतरी दार वाजवतं, किंवा मंडळीतल्या (चर्चमधल्या) एखाद्या ताई येतात, हातात गुंडाळलेलं बाळ, आई वारली, बाप निघून गेला, तुम्ही देवाची माणसं, तुम्हीच ठेवा.

ठेवून घ्यायचं, ऊब द्यायची, दूध पाजायचं, डॉक्टरला दाखवायचं. आणि त्याच दिवशी, उद्या नाही, त्याच दिवशी पोलीस किंवा बालकल्याण खात्यात जाऊन लेखी कळवायचं आणि पोचपावतीवर शिक्का घ्यायचा. मूल तुमच्याकडे ठेवायचं असेल तर तात्पुरत्या सांभाळाचा आदेश त्यांच्याकडून घ्यायचा. लोक म्हणतात कळवलं तर बाळ घेऊन जातील. हो, जाऊ शकतात. पण न कळवता आठ महिने ठेवलेलं बाळ नंतर घेऊन जाणं हे बाळासाठी कितीतरी वाईट, आणि तुमच्यावर मूल लपवल्याचा आरोप येतो तो वेगळाच. पाळकांनी सही करून दिलेली चिठ्ठी, गावप्रमुखाचं पत्र, आजीचा अंगठा, याला दत्तक म्हणत नाहीत. आजीचा अंगठा तर उलट पुरावा आहे की मुलाला आजी आहे.

आणि आजी आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न येतोच, मुलाला नक्की काय हवंय, नवे आईवडील की आजीला महिन्याचं दूध आणि शाळेची फी? हेग कराराचं चौथं कलम याचसाठी आहे, आधी मुलाच्या देशात काही सोय होते का हे नीट बघायचं, आईची संमती जन्मानंतरच घ्यायची, आणि ती पैसे देऊन घेतलेली नसावी. बालगृहातल्या मुलांना अनाथ म्हणायची आपल्याला सवय लागलीय, पण त्यातल्या कितीतरी मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात, मूल तिथे ठेवलेलं असतं ते गरिबीपायी. २०१० च्या जानेवारीत हैतीच्या भूकंपानंतर चर्चच्या गटातल्या दहा अमेरिकनांना सीमेवर अडवलं, त्यांच्याबरोबर ३३ मुलं होती आणि कागद एकही नाही. पुढे कळलं की त्या मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात होते. त्या लोकांचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटते.

दोन टोप्या एका डोक्यावर घालू नका

सगळ्यात महत्त्वाचं हेच, बाकी सगळं कागदाचं काम आहे. तुम्ही त्या गावात मिशनरी आहात, आणि आता तुम्हाला आईबाप व्हायचंय. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, खातं वेगळं, फाइल वेगळी, माणसं वेगळी.

तुमचं मिशन बालगृह चालवत असेल तर तिथलं मूल स्वतः घेऊ नका, किंवा घ्यायचंच असेल तर निर्णय घेणाऱ्या प्रत्येक खुर्चीवरून आधी उठा आणि निवड सरकारी यंत्रणेला करू द्या. नाहीतर गावाला काय दिसतं? हे लोक आले, शाळा काढली, आणि चांगलं गुटगुटीत पोर घेऊन गेले. वीस वर्षांचं काम एका पोरापायी जातं. त्या काळात बालगृहाला देणगीही देऊ नका. एरवी दर नाताळाला देत असाल तरी त्या वर्षी बोर्डामार्फत, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या संस्थेला. जन्मदात्या आईच्या हातात रोख तर कधीच नाही, तिला औषधाला लागत असले तरी नाही, ते अधिकाऱ्यांना सांगा आणि त्यांच्या हातून होऊ द्या. क्रूर वाटतं, मला माहितीय.

पाठिंबा देणाऱ्यांचे पैसे सेवेसाठी आलेले असतात, ते दत्तकाच्या फीला वापरायचे नाहीत. बोर्डाला आधी विचारा, त्यासाठी वेगळं खातं उघडू देतात का, तुमच्या देशात त्या देणगीला करसवलत बसते का. बऱ्याच बोर्डांचे दत्तकाबद्दल लेखी नियम असतात, फील्डवर किती वर्षं झालेली हवीत, नवीन भाषा शिकायच्या काळात नको, वगैरे, आणि ते अर्ज केल्यावर वाचण्यापेक्षा आधी वाचलेले बरे.

व्हिसाचंही बोलून घेऊ. काही देशांत मिशनरी म्हणून व्हिसा मिळत नाही, माणसं शिक्षक किंवा सल्लागार म्हणून राहतात. अशा वेळी होम स्टडीत, म्हणजे दत्तकाआधी सोशल वर्कर करतात त्या तपासणीत, व्यवसाय काय लिहिणार? दत्तकाच्या अर्जात खोटं लिहिलं तर तो निकाल पुढे उलटू शकतो, आणि खरं लिहिलं तर व्हिसा. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. जिथे खरं लिहिता येत नाही तिथून दत्तक घेऊ नका, एवढंच. मोरोक्कोत २०१० च्या मार्चमध्ये एका बालगृहातल्या सोळा परदेशी कार्यकर्त्यांना धर्मप्रसाराच्या आरोपावरून तडकाफडकी देशाबाहेर काढलं, त्यांनी वर्षानुवर्षं आईबापासारखी सांभाळलेली ३३ मुलं मागे राहिली. हैतीच्याच आकड्याइतकी, योगायोगाने. तुमच्या व्हिसाचं आयुष्य एका अधिकाऱ्याच्या मर्जीइतकं असेल तर मुलाचं कायदेशीर नातं त्याहून भक्कम पाहिजे, अर्धवट नातं घेऊन वर्षानुवर्षं राहू नका.

होम स्टडी आणि कागदांचा डोंगर

होम स्टडी म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन तुम्हाला तपासतात. कोणाचा अहवाल चालेल हे आधी विचारा, तिथला स्थानिक सोशल वर्कर, की पासपोर्टच्या देशातल्या मान्यताप्राप्त एजन्सीने पाठवलेला. आम्ही सहा महिने आणि बरेच पैसे एका अहवालावर घालवले आणि मग कळलं की लिहिणाऱ्या बाईंकडे त्या देशाला चालणारी मान्यता नव्हती. पहिल्या दिवशी मान्यतेची प्रत मागायची, लाजायचं नाही.

घर चकाचक करू नका, औषधं कुलपात ठेवा, पाण्याची टाकी झाका, जिन्याला अडसर लावा, एवढं पुरे. प्रश्न विचारतात ते खोलातले असतात. तुम्हाला लहानपणी मार पडायचा का, तुम्ही मुलांना मारता का (बऱ्याच एजन्सी न मारण्याचं लेखी वचन घेतात), मूल होत नाही याचं दुःख पचलंय का, आणि आमच्यासारख्यांसाठी खास, या देशात उद्या दंगल झाली आणि बोर्डाने बाहेर पडायला सांगितलं तर मुलाचं काय? याचं उत्तर तयार ठेवा, दत्तक पूर्ण झालेलं नसताना मुलाला देशाबाहेर नेता येत नाही, मग तुमच्यातला एक जण थांबणार का, बोर्ड थांबू देणार का, हे बोर्डाकडून लिहून घ्या. देव बघून घेईल असं आमच्या यजमानांनी सांगितलं तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तो बघेलच हो, पण अहवालात मी काय लिहू?

शिफारशीची पत्रं सगळी टीममधल्या लोकांची देऊ नका, एक तरी माणूस असा हवा जो तुमच्या मिशनचा नाही, शेजारी, मोठ्या मुलाच्या शाळेतली बाई, कुणीही.

पोलीस दाखले हा मिशनरी लोकांचा खास त्रास. अमेरिकेच्या नियमात वयाच्या अठराव्या वर्षापासून तुम्ही जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक राज्याची आणि देशाची बाल-अत्याचार नोंदणी तपासतात, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी. आता विचार करा, बायबल कॉलेज एकीकडे, भाषा शिकायला दोन वर्षं दुसरीकडे, पहिलं फील्ड जिथून युद्धामुळे निघालात ते तिसरीकडे. हे दाखले सगळ्यात आधी मागवा. आणि प्रत्येकाला मुदत असते, एक येईपर्यंत दुसरा संपतो, म्हणून सगळ्यात उशिरा येणारा आधी आणि सगळ्यात लवकर संपणारा शेवटी मागवायचा, मी भिंतीवर तक्ता लावला होता आणि त्यावर संपायच्या तारखा लाल पेनने.

नावं प्रत्येक कागदावर अक्षरशः सारखी पाहिजेत. माझ्या लग्नाच्या दाखल्यावर मधलं नाव पूर्ण होतं, पासपोर्टवर फक्त आद्याक्षर, तेवढ्यावरून क्लार्कने पूर्ण गठ्ठा काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवला, वर बघितलंसुद्धा नाही. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र करून, नोटरी करून, वर अपोस्टिल लावून परत रांगेत, सात आठवडे गेले. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या हेग कराराचा तो शिक्का, त्याने एका देशाचा कागद दुसऱ्या देशात चालतो, पण दोन्ही देश त्या करारात हवेत, नसतील तर दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. कागदाच्या मूळ प्रती तीन-तीन करून घ्या. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच, मंडळीतल्या इंग्रजी छान येणाऱ्या तरुणाकडून नाही.

हेग देशातून होत असेल तर शेवटी कलम २३ चं प्रमाणपत्र मागायला विसरू नका, त्याच्या जोरावर बाकीचे करारातले देश ते दत्तक थेट मान्य करतात. पुढच्या आयुष्यात तीन देश बदलणाऱ्या कुटुंबाला हा कागद सोन्यासारखा.

डॉक्टर

मुलाचे रिपोर्ट हातात आले तरी रक्त पुन्हा तपासा, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, क्षय, जंतांसाठी शौचाची तपासणी, आणि काही तपासण्या सहा महिन्यांनी परत. तान्ह्या बाळाची एचआयव्हीची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून हादरू नका, आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्या वयात पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी टेस्ट, करून बघावी लागते. उंची, वजन आणि डोक्याचा घेर जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यावर महिन्याला मांडा, एका दिवसाच्या आकड्यावरून काही कळत नाही, रेघ कुठे चाललीय ते महत्त्वाचं. संस्थेत वाढलेली मुलं मागे असतात, घर मिळाल्यावर भराभर भरून काढतात. बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर जो मोठा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं, साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात आलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा. अर्थात मोठं मूल घेऊ नका असा याचा अर्थ नाही. धीर जास्त लागेल एवढंच.

घरी आल्यावर

मिशनरी घराचं दार कायम उघडं असतं आणि तेच इथे नडतं. सकाळी प्रार्थनेला आठ जण, दुपारी टीमची मीटिंग, संध्याकाळी कुणीतरी रडत येतं, आणि प्रत्येक जण बाळाला उचलून घेतो. निदान तीन महिने नियम करा, भरवणं, आंघोळ, झोपवणं आणि पडल्यावर उचलणं फक्त आई किंवा वडिलांनी. बाकीच्यांनी बघायचं, हसायचं, घरी जायचं. लोक दुखावतात. आमच्या टीममधल्या एक काकू दोन आठवडे बोलल्या नाहीत. मूल सगळ्यांकडे हसत जातं, परक्याच्या गळ्यात पडतं म्हणून कौतुक करू नका, त्याला अजून कळलेलं नाही की आपली माणसं कोणती.

मुलाची भाषा तुम्हाला येते, ही परदेशातून येऊन मूल नेणाऱ्यांकडे नसलेली मोठी गोष्ट तुमच्याकडे आहे. ती घरात बोला, तुमच्या मातृभाषेच्या नादात ती पहिल्या वर्षी पुसू नका.

पाठिंबा देणाऱ्यांना पाठवतो त्या बातमीपत्रात फोटो नाही. निकाल लागेपर्यंत तर अजिबात नाही, बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे, आणि नंतरही मुलाच्या आईबद्दल, मूल कसं सापडलं याबद्दल एक अक्षर नाही. मला माहितीय मंडळ्यांमधून साक्ष द्यायला बोलावतात आणि अशा गोष्टीने डोळे पाणावतात, पाकिटंही उघडतात. ती गोष्ट त्या मुलाची आहे. आम्ही फक्त एवढंच लिहिलं, आमच्या घरी मुलगी आलीय, नाव अमुक, प्रार्थना करा.

सुट्टीवर मायदेशी जाणं पहिलं वर्ष तरी टाळा. आम्ही नवव्या महिन्यात गेलो, बोर्डाचा आग्रह होता, दर रविवारी वेगळी मंडळी आणि वेगळ्या घरी मुक्काम. चौथ्या आठवड्यात मी बॅग भरत होते, मागे वळून बघते तर ही बूट घालून, सगळी बटणं लावून बॅगेच्या शेजारी बसलेली, रडत नाही, काही नाही, फक्त कुणाकडे सोडताय त्याची वाट बघत. आम्ही उरलेल्या सगळ्या भेटी रद्द केल्या आणि एकाच घरात राहिलो. जावंच लागलं तर एकच मुक्काम ठेवा, नवरा एकटा फिरू दे, आणि मुलाची चादर, उशी बरोबर न्या.

प्रवासात दत्तकाचा हुकूम, नवा जन्मदाखला आणि लागत असेल तर देशाबाहेर जायचा परवाना हँडबॅगेतच ठेवायचा, एकच पालक नेत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र. मुलाचा रंग तुमच्यासारखा नसेल तर विमानतळावर थांबवणारच, आवाज न चढवता कागद पुढे करायचा. आणि मुलाच्या देशाला नंतरचे अहवाल पाठवायचे असतात, कझाकस्तानसारखे देश मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत मागतात, तेव्हा फील्ड बदललं तर नव्या जागी ते कोण लिहिणार हे बदलीच्या आधी ठरवा.

ताबा मिळायच्या दिवशी गडबडीत राहून जातं ते एक. मुलाला आजवर जिने सांभाळलं त्या बाईंबरोबर अर्धा तास एकटं बसा. किती वाजता झोपते, कुठल्या कुशीवर, काय केलं की रडायची थांबते, कशाला घाबरते. त्यांचं पूर्ण नाव लिहून घ्या, त्यांनी परवानगी दिली तर त्या जे गुणगुणतात ते फोनवर रेकॉर्ड करा, फाटकाचा फोटो, पलंगाचा फोटो, आणि ज्या चादरीवर मूल झोपायचं ती मागून घ्या, निदान महिनाभर धुवू नका. आमच्याकडची चादर अजून आहे, एका कोपऱ्यावर संस्थेने मार्करने लिहिलेला पलंगाचा नंबर, १४. परवा तिने विचारलं की हे माझं रोल नंबर होतं का.